खुलासा: सिरीजमधला पहिला बल्ब करंट संपवत नाही

नळ आणि बादल्यांचं चित्र असलेला एक मेसेज फिरतोय: ‘सिरीजमध्ये पहिला बल्ब करंट वापरतो, उरलेला दुसऱ्याला मिळतो, म्हणून तो मंद लागतो.’ हे चूक आहे. सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकापाठोपाठ जोडणी असताना, करंट सगळीकडे सारखाच असतो. वाटला जातो तो व्होल्टेज. दोन बल्ब एकसारखे असतील तर उजेडही सारखाच.

पडताळा सोपा आहे. ९ व्होल्टची बॅटरी आणि बल्बांच्या जागी १०० आणि २०० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर (करंटला विरोध करणारे छोटे भाग) सिरीजमध्ये जोडा. मल्टिमीटर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवा, वायर सोडवून मीटर मध्ये घाला: पहिल्याच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर. तिन्ही ठिकाणी साधारण ३० मिलिअँपिअरच. रेझिस्टरांच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मात्र अनुक्रमे ३ आणि ६ व्होल्ट. रेझिस्टरांची अदलाबदल करा, व्होल्टेजचे आकडे त्यांच्यासोबतच जातात. (या रेंजवरचा मीटर थेट बॅटरीला लावू नका, आतला फ्यूज उडतो. हे हमखास होतं.)

पाण्याची उपमा टाकाऊ नाही, नळ-बादलीचं चित्र चुकीचं आहे. पंप बसवलेली, भरलेली, बंद पाइपलाइन धरा: निघालं तेवढंच पाणी पंपात परत येतं, अरुंद भागात उतरतो तो दाब. अर्थात पाइप कापला तर पाणी सांडतं, वायर कापली तर करंट थांबतो. तिथे ही उपमा लागू नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर वरचे आकडे टाका.