‘आजच कॅमेरा विका’वाल्या त्या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री मावसबहिणीचा फोन. "दादा, निकॉनचा डी५०० कॅमेरा आणि २००-५०० ची लेन्स दोन्ही विकायला टाकलंय, उद्या एकजण बघायला येतोय, किती सांगू?" मी म्हटलं का गं, बिघडलाय का? तर नाही, कॅमेरा ठणठणीत आहे, लेन्सवर बुरशीचा ठिपकासुद्धा नाही. तिला एक मेसेज आलाय. तोच, जो गेले काही आठवडे फोटोवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मला तो चारजणांनी पाठवला होता आणि चारही वेळा मी न वाचता सोडून दिला, ती चूकच झाली, कारण आता तो माझ्याच घरात पोचलाय आणि पाच वर्षं पै पै साठवून घेतलेली लेन्स एक पोरगी पक्ष्यांच्या स्थलांतराचा सीझन तोंडावर आलेला असताना विकायला निघालीये.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: एक, ग्लोबल शटर आलंय, वर्षभरात सगळ्या नव्या मॉडेल्समध्ये येणार, आत्ताचे सगळे कॅमेरे भंगार होणार. दोन, १०० मेगापिक्सेलच्या खालचे फोटो कोणी घेणार नाही. तीन, डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) संपला, त्याच्या लेन्स कचऱ्यात जाणार, म्हणून आजच विका. चार, एआय फोकस नसेल तर पक्षी आणि खेळ विसरा. पाच, मोबाइल तसाही कॅमेऱ्यांना संपवणारच आहे. सहा, आत्ता काहीही घेऊ नका, पुढचं मॉडेल येईपर्यंत थांबा. खाली हात जोडलेले आणि "फोटोग्राफर मित्रांच्या हितासाठी पुढे पाठवा".

पाच नंबर खरा असेल तर एक ते चारची काळजी कशाला करायची हे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेलं दिसत नाही. असो.

ग्लोबल शटरपासून सुरू करतो, कारण जास्त घबराट त्याचीच आहे. तंत्र भारी आहे, यात वाद नाही. नेहमीच्या सीमॉस सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, यालाच रोलिंग शटर म्हणतात, वरची ओळ आधी, खालची थोडी उशिरा, आणि तेवढ्या वेळात समोरचं काही हललं की ते वाकडं येतं, पंख्याची पाती वाकतात, धावत्या गाडीतून खांब तिरके दिसतात. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी सुरू होतात, एकाच क्षणी थांबतात, त्यामुळे हे वाकणं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने ए९ थ्री जाहीर केला तो असा पहिला फुलफ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) कॅमेरा. सेकंदाला १२० फ्रेम, फ्लॅश १/८०,००० सेकंदाच्या शटरपर्यंत सिंक, म्हणजे शटरशी जुळून पेटतो. खेळ टिपणाऱ्यांना आणि भर उन्हात फ्लॅश वापरणाऱ्यांना याचं मोल कळतं आणि कळायलाच पाहिजे.

पण मेसेज लिहिणाऱ्याने त्याच कॅमेऱ्याचं स्पेसिफिकेशन उघडून एक ओळ वाचली असती तर हा मुद्दा लिहिलाच नसता. ए९ थ्रीचा आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती दाद देतो त्याचा आकडा) २५० पासून सुरू होतो आणि २५,६०० ला थांबतो. त्याच मालिकेतल्या आधीच्या ए९ टू चा १०० ते ५१,२००. मी कुठल्या टेस्टरचं मत सांगत नाहीये, हे कंपनीने स्वतः छापलेले आकडे आहेत, कोणीही शेजारी शेजारी ठेवून बघावेत. म्हणजे नव्या कॅमेऱ्यात खालची पायरी सव्वा स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं) जास्त वर सरकली आणि वरची एक स्टॉप खाली आली. का, तर प्रत्येक पिक्सेलने गोळा केलेला प्रकाश वाचला जाईपर्यंत कुठेतरी बाजूला धरून ठेवावा लागतो, त्यासाठी पिक्सेलमधलीच जागा जाते, आणि मग प्रकाश साठवायची क्षमता घटते. भंगार वगैरे काही झालेलं नाही, ही देवाणघेवाण आहे, वेग घ्यायचा आणि उजेड-अंधाराच्या छटांमधला वाव थोडा सोडायचा. पहाटे अंधुक उजेडात पाणपक्षी टिपणारीला किंवा सूर्योदयाच्या निसर्गचित्रवाल्याला हा सौदा परवडेलच असं कशावरून?

आणि सगळे जर ग्लोबल शटरवर जाणार होते तर खुद्द सोनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे बरोबर वर्षभराने, आपला सगळ्यात वरचा ए१ टू आणला त्यात ग्लोबल शटर का नाही? त्यात ५० मेगापिक्सेलचा स्टॅक्ड सेन्सर आहे, वेगाने वाचला जाणारा, पण ओळीओळीनेच. कॅननचा आर१ जुलै २०२४ चा, त्यातही नाही. निकॉनचा झेड९ तर २०२१ पासून मेकॅनिकल शटरच न ठेवता चालतोय, त्याचा सेन्सर इतका पटकन वाचला जातो की बहुतेक कामांत वाकणं जाणवतच नाही. एकदा का ग्लोबल शटर निघालं की बाकी सगळं संपलं, असं ते बनवणाऱ्या कंपनीलाच वाटत नाहीये हो!

अजून एक गोष्ट, जी बहिणीला फोनवर समजवायला मला वीस मिनिटं लागली. रोलिंग शटरचं वाकणं हा इलेक्ट्रॉनिक शटरचा त्रास आहे. तिच्या डी५०० मध्ये दोन पडदे असलेलं मेकॅनिकल शटर आहे, ते काही मिलिसेकंदांत पूर्ण फ्रेम ओलांडतं. तिच्या पाच-सहा वर्षांच्या फोटोंत पंख वाकलेला एक पक्षी दाखव म्हटलं, नाही सापडला. जो आजार तिला नाहीच त्याच्या औषधासाठी ती घरदार विकायला निघाली होती. एलईडी दिव्यांत पट्टे येतात त्यावरही ग्लोबल शटर रामबाण असं मेसेजात आहे. पट्टे जातात, खरंय. पण दिवाच लुकलुकत असेल तर एक फ्रेम उजळ आणि पुढची अंधारी हे होतच राहतं, कारण ते दिव्याचं चाललंय, सेन्सर त्यात काय करणार. आणि "इतिहासात प्रथमच" म्हणून फ्लॅश सिंकचं जे नाचवलंय तेही पूर्ण खरं नाही, २००४ च्या निकॉन डी७० चा फ्लॅश सिंक १/५०० होता, कारण त्यातल्या सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचं एक्स्पोजर सगळीकडे एकदम थांबवता यायचं. नंतर सीमॉस आले, बाकी फायदे मिळाले आणि ते गेलं. तेव्हाही देवाणघेवाणच होती.

१०० मेगापिक्सेलचं जास्त लांबवत नाही. मेगापिक्सेल चौपट झाले की लांबी-रुंदीतला तपशील फक्त दुप्पट होतो, म्हणजे २४ वरून १०० ला गेलात तरी बाजू दुप्पटच. ए३ आकाराचा प्रिंट ३०० डीपीआयने काढायला साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात. कॅननचा आर१ हा त्यांचा सगळ्यात वरचा कॅमेरा आणि तो २४ मेगापिक्सेलचा आहे, वर्तमानपत्रं आणि खेळांचे कितीतरी फोटोग्राफर असेच कॅमेरे वापरतात आणि त्यांचे फोटो लोक घेतात. हां, पक्षीवाल्यांना क्रॉपसाठी जास्त पिक्सेल कामाला येतात, हे मी नाकारत नाही. पण लेन्स तेवढी धारदार हवी, हवा स्थिर हवी, हात स्थिर हवा, नाहीतर तो धूसरपणाच मोठा करून बघायचा.

आता तीन नंबर, डीएसएलआरचा. इथे थोडं मान्य करावं लागतं आणि मला ते आवडत नाहीये, कारण मीही त्याच ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर (आरशातून थेट बघायच्या खिडकीवर) शिकलोय. कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या शेवटी सांगून टाकलं की १डी एक्स मार्क थ्री हा त्यांचा शेवटचा वरच्या दर्जाचा डीएसएलआर. निकॉनचा डी६ २०२० चा, त्यानंतर तसं काही नाही. पेंटॅक्स सोडला तर त्या बाजूला नवीन काही शिजताना दिसत नाही. जुन्या बॉडीचे सुटे भाग एक दिवस मिळेनासे होणार, हेही खरं. इतपत त्या मेसेजचं बरोबर आहे.

पण त्यावरून "लेन्स कचऱ्यात"? हे मात्र धादांत खोटं आणि याच ओळीने सगळ्यात जास्त नुकसान होतंय. निकॉनने २०१८ मध्ये मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) झेड माउंट, म्हणजे लेन्स बसवायची नवी जोडणी, आणलं तेव्हाच सोबत जुन्या लेन्ससाठी एफटीझेड अडॅप्टर आणला, कॅननने आरएफ माउंट आणलं तेव्हाच जुन्या ईएफ लेन्सचा अडॅप्टर आणला. बहिणीची २००-५०० ही स्वतःची फोकस मोटर असलेली लेन्स आहे, अडॅप्टर लावला की झेड बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, डोळे ओळखणारा फोकससुद्धा चालतो. अट एकच, जुन्या एएफ-डी लेन्स, ज्यांना बॉडीतल्या स्क्रूने फोकस फिरवावा लागतो, त्यांचा ऑटोफोकस एफटीझेडवर चालत नाही, हाताने फिरवायचा. ज्यांच्याकडे तसल्या असतील त्यांनी विचार करावा, जरूर करावा. पण दोन्हीतला फरक न सांगता सरसकट "विका" म्हणायचं? पुढे कधी नव्या बॉडीवर जायचं झालं तर हीच लेन्स तिच्यासोबत जाणार होती, आणि तीच ती आधी विकत होती.

एआय फोकस चांगला आहे. मी वापरून बघितलाय, पानांच्या आडून पक्ष्याचा डोळा धरतो तेव्हा मनापासून कौतुक वाटतं. पण त्याच्याआधी पक्ष्यांचे फोटो निघतच नव्हते का? शिवाय त्यासाठी दरवेळी नवं मॉडेलच लागतं असंही नाही, झेड९ आला तेव्हा त्यात वेगळा पक्षी मोड नव्हता, ऑक्टोबर २०२३ च्या फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेटने तो जुन्याच बॉडीत आला.

मोबाइलचं म्हणाल तर अर्धं खरं. सीआयपीए ही कॅमेरा कंपन्यांची संघटना आकडे छापते, २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते, २०२३ मध्ये साधारण ७७ लाख. खिशातले छोटे कॅमेरे मोबाइलने खाल्ले, उघड आहे. पण २०२४ चा आकडा परत चढून ८५ लाखांच्या आसपास गेला आणि त्यात ५६ लाख मिररलेस आहेत. संपणारी गोष्ट वाढत नसते.

राहिला "थांबा", आणि याचाच मला मनापासून राग आहे. आजच विका आणि पुढचं येईपर्यंत थांबा, मग मधल्या काळात फोटो कशाने काढायचे? निकॉनचा डी३००एस २००९ चा, त्याच्या जागी "डी४००" येणार येणार अशा अफवा वर्षानुवर्षं चालल्या, त्या नावाचा कॅमेरा कधी आलाच नाही, जे आलं ते डी५०० नावाने जानेवारी २०१६ मध्ये. सहा वर्षांहून जास्त! सिग्माने २०१८ मध्ये फोव्हियॉन या स्वतःच्या वेगळ्या सेन्सरचा फुलफ्रेम कॅमेरा कबूल केला, मग तो पुढे ढकलला, मग २०२१ मध्ये सेन्सरचं काम नव्याने सुरू करत असल्याचं सांगितलं. आणि निकॉनची छोट्या कॅमेऱ्यांची डीएल मालिका तर फेब्रुवारी २०१६ मध्ये रीतसर जाहीर झाली, नमुने दाखवले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द. बाजारात आलीच नाही. तिथे तर कंपनीने स्वतः जाहीर केलेलं होतं, इथे आपण कुणाच्या तरी मेसेजवर चाललोय. मी स्वतः एकदा अशाच एका अफवेवर दोन सीझन जुना कॅमेरा कपाटात ठेवून बसलो होतो, त्या दोन वर्षांचे माझ्याकडे फोटोच नाहीत, आणि त्यातल्या एका पाणथळीवर आता पाणीच राहिलेलं नाही. ते पुढच्या कुठल्याही मॉडेलने मला परत मिळणार नाही.

येणाऱ्या कॅमेऱ्यांची काळजी मलाही आहे, पण वेगळी. डी८५० एका बॅटरीत अधिकृत मोजणीने १,८४० फोटो काढायचा, पहिला झेड७ आला तो ३३० वर, ती दरी अजून भरलेली नाही. कॅमेऱ्यात असलेली सोय पैसे भरून लायसन्सने उघडायची हे सोनीने कस्टम ग्रिडलाइनसाठी (चौकट जुळवायला पडद्यावर आखायच्या रेघांसाठी) काही मॉडेल्सवर सुरू केलंय, तो प्रकार पसरू नये असं फार वाटतं. आणि आशा म्हणाल तर पटकन वाचला जाणारा सेन्सर मधल्या मॉडेल्सपर्यंत खाली यावा, निकॉनने जून २०२४ च्या झेड६ थ्री मध्ये अर्धवट स्टॅक्ड सेन्सर देऊन सुरुवात केलीये. ग्रुपवर चर्चा करायचीच तर यावर करा ना.

बहिणीने शेवटी विचारलं, मग मी मिररलेस कधी घेऊ दादा? मी म्हटलं, या सीझनमध्ये जे जे फोटो फसतील ते का फसले ते वहीत लिहून ठेव, उजेड कमी होता, उशिरा बटण दाबलं, डोळ्याऐवजी गवतावर फोकस गेला, जे असेल ते. गवतावर फोकस गेल्याचंच पानभर भरलं तर वापरलेली झेड बॉडी आणि अडॅप्टर बघू, याच २००-५०० वर. तिने जाहिरात काढलीये आणि बघायला येणाऱ्याला नको म्हणून कळवलंय.