‘मारतो तो नाही, दारू मारते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. नवऱ्याच्या पिण्याने गांजलेल्या बायकांना त्यात सल्ला दिलाय: ‘मारतो तो नाही, दारू मारते. पोटात गेली की त्याला कशाचीच शुद्ध राहत नाही. दारू सुटली की सगळं ठीक होईल, तोवर प्रेमाने समजवा.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण हे वाचून एखादी आज रात्री त्याच्या समोर बसून समजवायला जाईल, म्हणून गप्प बसवत नाही.

‘दारू मारते.’ दारूचा वाटा आहेच. आपल्याला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग दारूने सुस्तावतो. लक्षही आक्रसतं: एखादा टोचरा शब्द डोंगराएवढा होतो आणि ‘जाऊ दे’ म्हणायला लावणारं बाकी सगळं नजरेआड जातं. ब्राझीलमधल्या दियादेमा शहराने २००२ मध्ये रात्री ११ नंतर बार बंद ठेवायला लावले, तेव्हा तिथले खून घटले. पण पिणारे बहुतेक लोक कुणावर हात उगारत नाहीत, त्याचं काय? १९७५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही पुरुषांना नुसतं टॉनिक वॉटर (बिनदारूचा कडवट सोडा) दिलं आणि ‘यात व्होडका आहे’ असं सांगितलं. प्रयोगात समोरच्याला विजेचे झटके द्यायचे होते, आणि एवढ्यानेच त्यांनी ‘यात दारू नाही’ असं सांगितलेल्यांपेक्षा जास्त जोराचे झटके दिले. (दारूचा स्वतःचा परिणाम नंतरच्या प्रयोगांत दिसला आहे, तो मी लपवत नाही.) प्यायल्यावर काय केलं तरी खपून जातं, ही समजूत माणूस ग्लास उचलण्याआधीच मनात घेऊन आलेला असतो. आणि असे मेसेज ती समजूत पक्की करतात.

‘शुद्ध राहत नाही.’ मग नीट बघा. फुटतो तो तिचा मोबाईल. त्याचा स्वतःचा खिशात शाबूत असतो. दारात पोलीस दिसले की तोच आवाज खाली येतो, ‘काही नाही साहेब, घरगुती आहे.’ सकाळी त्याला खरंच आठवत नसेल, कारण फार प्यायल्यावर मेंदूत आठवण नोंदलीच जात नाही. पण सकाळी न आठवणं वेगळं आणि रात्री न कळणं वेगळं.

‘दारू सुटली की सगळं ठीक.’ काही घरांत दारू सुटल्यावर मारहाण खरंच कमी होते. पण जो न पिताही पैशाचा हिशोब मागतो, तिचा फोन तपासतो, माहेरी जाऊ देत नाही, त्याची फक्त दारू सुटेल. तिथे व्यसनावर आणि हिंसेवर वेगवेगळे उपचार लागतात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्याघरी एका दिवसात तोडू नका. पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं.

‘तोवर प्रेमाने समजवा.’ याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. लक्ष आक्रसलेल्या माणसाला समजूत ऐकू येत नाही, फक्त विरोध ऐकू येतो. ३० मिलीचा एक पेग निचरायला शरीराला साधारण तास लागतो. कॉफीने किंवा लिंबूपाण्याने तो वेळ कमी होत नाही. त्यामुळे त्या रात्री हिशोब काढू नका, बाटली हिसकावू नका. आवाज चढू लागला, तो येरझारा घालू लागला की स्वयंपाकघरातून बाहेर या, तिथे सुऱ्या असतात. दाराच्या बाजूला राहा. मुलांना आधीच एक शब्द सांगून ठेवा, तो ऐकला की त्यांनी शेजारी जायचं. कागदपत्रं, थोडे पैसे आणि चार्जर असलेली पिशवी विश्वासातल्या कुणाकडे ठेवा. बोलायचं ते दिवसा, तो न प्यायलेला असताना, आणि तेही तिसरं माणूस सोबत घेऊन. त्यातही भीती वाटत असेल तर बोलूच नका, सरळ निघा.