रक्त खारट म्हणून वाघ नरभक्षक?

मोहाचा हंगाम आला, कुठे हल्ला झाला, की आमच्या विदर्भातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तोच मजकूर फिरू लागतो. माणसाचं रक्त खारट. वाघाने ते एकदा चाखलं की त्याला दुसरं काही गोड लागत नाही. आणि चंद्रपुरातले वाघ मुळात वनखात्यानेच बाहेरून आणून सोडलेत.

आधी मिठाचं बघू. आपल्याला लावतात त्या साध्या सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. गुरांचा डॉक्टर गायीला लावतो त्यातही तेवढंच, कारण दोघांच्या रक्ताचा खारटपणा जवळपास सारखा. चितळ-रानडुकरांचंही तेच. वाघ जन्मभर खारटच खातो. (गोड लागत नाही हे मात्र खरं! मांजरकुळाला गोड चव कळतच नाही.)

मग चटक? एखादा वाघ पुन्हापुन्हा माणसं मारतो, हे नाकारत नाही. अशाला पकडावंच लागतं. पण उत्तराखंडातल्या कुमाऊँमधल्या चंपावतच्या वाघिणीवर ४३६ बळी नोंदवले गेले. १९०७ मध्ये शिकारी जिम कॉर्बेटने तिला मारलं, तेव्हा तिचे उजवीकडचे वरखालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले निघाले. हरणं धरणार कशी?

आपल्याकडे बरेच हल्ले होतात ते मात्र वेगळ्याच कारणाने. मोहफुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. टोपली घेऊन बाई झाडाखाली वाकलेली, अंधूक उजेड. तीच फुलं खायला चितळ येतात आणि चितळांमागे वाघ. वाकलेली पाठ त्याला दोन पायांची दिसतच नाही, दिसतं ते चितळाएवढं काहीतरी. ताठ उभा माणूस दिसला तर वाघ बहुधा वाट सोडतो. तेंदूपत्ता तोडतानाही हीच गत.

राहिलं ‘आणून सोडलेत’. राज्यात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. पिल्लू दोनेक वर्षांचं झालं की आईला सोडून स्वतःचा इलाखा शोधत निघतं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कुणी सोडायला नको. आणि वाघांची गाडी निघाली होती, हे खरंच आहे: मे २०२३ मध्ये दोन वाघिणी नेल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडून नागझिऱ्याच्या जंगलात. म्हणजे चंद्रपुरातून बाहेर.