‘गप्प राहा, आपोआप विरेल’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. मुलं परदेशी असलेल्या आईवडिलांसाठी तो लिहिलाय. त्याचं सांगणं असं: वर्णद्वेषी मूठभर असतात, मान खाली घालून राहिलं की ते आपल्या वाटेला जात नाहीत; त्यांना विरोध करणारेही तितकेच कडवे; हिटलरला लोकांनीच निवडून दिलं आणि विरोधकांच्या आरडाओरड्यानेच तो मोठा झाला; लोकशाहीत सगळ्यांना बोलू द्यावं; आणि सयाजीरावांच्या गावात असलं काही कधी नव्हतंच. दांडिया बाजारातल्या माझ्या ओळखीच्या घरांतही हे वाचून माना डोलावल्या जाताहेत, म्हणून उत्तर देते आहे.

श्रीनिवास कुचिभोतला हा भारतीय इंजिनिअर कुणाच्या वाटेला गेला होता? फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात काम आटोपून तो मित्राबरोबर एका बारमध्ये बसला होता. ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडत एकाने गोळ्या झाडल्या आणि श्रीनिवास गेला. मारेकऱ्याला अडवायला धावलेला इयन ग्रिलट हा गोरा तरुणही गोळी लागून जखमी झाला. त्यालाही ‘तितकाच कडवा’ म्हणायचं का?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्याच शार्लट्सव्हिल इथे मशाली घेऊन ज्यूंविरुद्ध घोषणा देत गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांचा जमाव फिरला. दुसऱ्या दिवशी त्या मेळाव्याला आलेल्या एकाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली, त्यात हेदर हेयर मेली. एक गोष्ट मात्र मी मान्य करते: बाहेरून येणाऱ्यांची संख्या मर्यादित हवी असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला वर्णद्वेषी ठरवणं चूक आहे. ते एक मत आहे, त्यावर वाद घालता येतो. अशा माणसाला शिव्या घातल्या की तो जहाल लोकांच्याच जवळ सरकतो. पण जन्मावरून कुणाला हलकं ठरवणाऱ्याशी अर्ध्या वाटेवर तडजोड कशी करणार?

आता हिटलर. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ३७.३ टक्के मतं आणि २३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरात ३३.१ टक्के आणि १९६ जागा. बहुमत नव्हतंच, वर मतंही घटत होती. तरी ३० जानेवारी १९३३ ला अध्यक्ष हिंडेनबर्गने त्याला चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं. फ्रान्झ फॉन पापेनसारख्या प्रतिष्ठित पुराणमतवाद्यांचा हिशेब होता की मंत्रिमंडळात हिटलरशिवाय नाझी दोनच, बाकी सगळे आपले. त्याची मतं वापरू आणि लगाम आपल्या हाती ठेवू. मार्चमध्ये संसदेने कायदे करण्याचा अधिकारच त्याच्या सरकारला देऊन टाकला. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते आणि विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने. हिटलरला सत्तेत बसवलं ते पापेनसारख्या सभ्य, सुशिक्षित माणसांनी, आणि मजकुरात दोष मात्र विरोध करणाऱ्यांवर टाकलाय. हे मला सगळ्यात जास्त बोचलं. ज्या पक्षाला अशा मतांचा फायदा होऊ शकतो, त्याने आधी नकार द्यायला हवा. बेल्जियममध्ये इतर फ्लेमिश (डच बोलणाऱ्या भागातल्या) पक्षांनी १९८९ मध्ये ‘व्लाम्स ब्लोक’ या स्थलांतरितविरोधी जहाल पक्षाशी युती न करण्याचं ठरवलं. त्या पक्षाची मतं पुढे वाढली, पण देशाच्या सरकारात त्याला जागा मिळाली नाही.

बोलू देण्याबद्दल प्रत्येक लोकशाहीचा कायदा वेगळा आहे. अमेरिकेत १९७७ मध्ये स्कोकी गावातल्या नाझी मोर्चाच्या हक्कासाठी एक ज्यू वकीलच न्यायालयात लढला. जर्मनीने १९५२ मध्ये नाझींच्या वारसदार पक्षावर बंदी घातली. मात्र ऐकणाऱ्यांनी उत्तर देऊ नये, असं या दोन्हींपैकी एकाही देशाचा कायदा सांगत नाही.

राहिलं बडोदं. इथल्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. एके सकाळी काठ्या घेतलेली डझनभर माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगून गेली. आंबेडकरांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनीही घरात घेतलं नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि आपल्या गावातली संकल्पभूमी हे त्याच प्रसंगाचं स्मारक आहे.

हा मजकूर तुम्ही पुढे पाठवला असेल, तर निदान हिटलरचा आणि बडोद्याचा भाग चुकीचा आहे एवढं त्याच ग्रुपवर लिहा.