गंगेवर आम्ही अर्धा तास गप्प का उभे राहतो

गेल्या महिन्यात नाशिकला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटावर एका तरुणाने गाडी थांबवून विचारलं, "मॅडम, तुम्ही इथे उभं राहून तिकडचं युद्ध थांबणार आहे का?" मी "नाही" म्हटलं आणि तो निघून गेला. माझं उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दहा-बारा जण आहोत. संघटना नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्यातून एकदा, दिवेलागणीला, गाडगे महाराज पुलाजवळ अर्धा तास उभे राहतो. घोषणा नसतात, कुठल्याच देशाचा झेंडा नसतो. पुठ्ठ्यावर एवढंच लिहिलेलं असतं : "युद्धात गेलेल्या सगळ्यांसाठी". पोलीस ठाण्यात आधी अर्ज देतो.

ही रीत आम्ही शोधलेली नाही. १९८८ साली जेरुसलेममध्ये काही इस्रायली बायका दर शुक्रवारी काळे कपडे घालून चौकात उभ्या राहू लागल्या. पॅलेस्टिनी प्रदेशावरचा ताबा सोडा, ही त्यांची मागणी होती आणि ती आपल्याच सरकारकडे होती. येणारे-जाणारे त्यांना शिव्या देत. १९९१ मध्ये बेलग्रेडच्या बायकांनी तेच केलं, तेही आपल्याच माणसांसमोर. लांबच्या कुणाला तरी दोष देणं सोपं असतं. या बायकांनी ती सोय घेतली नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

"तिकडचं" युद्ध तिकडेच राहतं, हेही खरं नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेले. भाडं वाढलं, दिवस वाढले. नाशवंत मालाचे दिवस वाढणं म्हणजे काय, हे बागाईतदाराला सांगावं लागत नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते मे २०२५ बद्दल. पहलगामला २६ माणसं मारली गेली होती, ते दुःख आणि तो राग माझ्याही घरात होता. मग ७ ते १० मे ते चार दिवस. चॅनेलवर अखंड सायरन वाजत होते. शेवटी बातम्यांत तो आवाज वापरू नका, असं सरकारला सांगावं लागलं. पूंछमध्ये तोफगोळ्यांनी राहत्या घरांतली माणसं मारली जात होती आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक फटाक्यांची चित्रं टाकत होते. तिसऱ्या दिवशी एक मेसेज आला : कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून काही घेऊ नका. हा माणूस माझ्या मुलीच्या लहानपणापासून तिथे गाडी लावतो. ग्रुपवर कुणीही काही बोललं नाही. मीही बोलले नाही. त्या महिन्यात आम्ही गंगेवरही उभे राहिलो नाही, कारण आम्ही घाबरलो होतो. ते मला अजून टोचतं.

जूनमध्ये परत उभे राहिलो, ते देवळालीच्या एका काकूंमुळे. त्यांचे यजमान तोफखान्यात होते, आता रिटायर आहेत. देवळाली कॅम्पात सरावाच्या तोफांचे आवाज ऐकत मुलं मोठी होतात. सैन्य काय असतं हे या शहराला कुणी शिकवायला नको. काकू कारगिलबद्दल एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "फोन शेजारी होता. त्यांच्याकडे घंटी वाजली की माझ्या हातातली कणीक तशीच राहायची. आपल्याला हाक आली नाही की हायसं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, मग कुणाला आली?" १९९९ च्या त्या उन्हाळ्यात आपले ५२७ जवान गेले. "युद्ध नको म्हणणारे सैन्याच्या विरोधात असतात" असं कुणी म्हटलं की मला त्या कणकेच्या हातांची आठवण येते.

आणि हे आपल्या मातीत नवीनही नाही. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, नातवाच्या राज्यात तिने तो कोरवून घेतला. शक, यवन, पहलवांना हरवल्याचा अभिमान त्यात आहेच. पण त्याच लेखात ती सांगते की अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला रुचत नसे. एवढ्या मोठ्या विजेत्याच्या आईला हेही दगडावर लिहून ठेवावंसं वाटलं. शाळेच्या सहलीला मुलांना लेणी दाखवतो तेव्हा ही ओळ का वाचून दाखवत नाही आपण?

तर त्या तरुणाला माझं राहिलेलं उत्तर असं : युद्ध थांबवणं माझ्या हातात नाही. पण पुढच्या वेळी फळवाल्याबद्दल मेसेज आला तर त्याखाली "मी घेणार" एवढं लिहायचं बळ मला त्या अर्ध्या तासातून मिळतं. शेजारी उभ्या असलेल्या दहा माणसांमुळे मिळतं.

६ ऑगस्टला हिरोशिमा दिन आहे. १९४५ साल संपेपर्यंत त्या एका बॉम्बने सुमारे १,४०,००० माणसं गेली. तिथले लोक त्या संध्याकाळी मोतोयासू नदीत कागदी कंदील सोडतात. आपण द्रोणात दिवा सोडतो, तसंच. साडेसहाला या. गंगेला पाणी आलं असेल तर खाली उतरता येणार नाही; मग वर रस्त्याच्या कडेला उभे राहू आणि दिवे हातातच धरू. छत्री आणा. वाती काकू करून आणणार आहेत.