क्रिकेट मॅनेजर गेमला सट्ट्याच्या रांगेत बसवू नका

मंडळी, थोडं लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. ड्रीम इलेव्हन या फँटसी क्रिकेट ॲपनंही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. फार चांगलं झालं. पण तेव्हापासून आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात लोकांनी धरूनच टाकलंय, की मोबाइलवर क्रिकेटची टीम लावणारा पोरगा म्हणजे जुगारी. मी खेळतो क्रिकेट मॅनेजर गेम, तरी शेजारचे काका मलाही विचारतात, "काय रे, तुझं ते सरकारनं बंद नाही का केलं?" नाही काका, नाही केलं, आणि करायचं कारणही नाही.

फँटसीत आज संध्याकाळच्या खऱ्या मॅचमधले अकरा जण निवडायचे आणि रात्री पॉइंट मोजायचे. उद्या नवी मॅच, नवे अकरा. मॅनेजर गेममध्ये आपण एक काल्पनिक क्लब चालवतो, त्यात खरा खेळाडू एकही नसतो. संगणकानं घडवलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं तुमच्या अकादमीत येतात. कोणाचा हात बॅटिंगला बरा, कोणाची बोलिंग कच्ची पण दम भरपूर. त्यांना ट्रेनिंग द्यायचं, आणि ट्रेनिंगच्या जागा मोजक्याच असतात. एकावर मेहनत घ्यायची तर दुसरा तसाच राहतो. पगार क्लबच्या खात्यातून जातात, तिकिटांचे पैसे येतात, लिलावात बोली लागते. तिशी ओलांडली की चांगला खेळाडूसुद्धा उतरणीला लागतो. म्हणजे आजची मॅच खेळताना दोन-तीन सीझन पुढचा संघ डोक्यात ठेवावा लागतो. या दोन गोष्टी एका मापानं कशा मोजणार?

फ्रॉम द पॅव्हिलियनसारखे गेम तर चित्रांशिवाय, नुसत्या लिहिलेल्या मजकुरावर चालतात. मॅचआधी सगळं ठरवून द्यायचं: ओपनिंगला कोण, नवा चेंडू कोणाकडे, मधल्या ओव्हर्स स्पिनरला द्यायच्या की नाही, मारायचं कधी आणि टिकायचं कधी. मॅच सुरू झाली की आपले हात बांधलेले. आणि हेच मला फार आवडतं. प्रत्येक चेंडूवर गेमचं इंजिन, म्हणजे निकाल काढणारा प्रोग्राम, स्किल, फॉर्म, थकवा, पिच बघतं आणि शक्यता मांडून निकाल काढतं. त्यामुळे चांगला संघही एखाद्या दिवशी हरतो. हा गेम नव्यानं खेळणारी पोरं अशा एका हारीनंतर सगळी बॅटिंग ऑर्डर उलटी करून टाकतात. मी त्यांना थांबवतो. एका स्कोअरकार्डावरून काही ठरत नाही, सात-आठ मॅचचे आकडे शेजारी ठेव, मग बोल. चौथ्या नंबरचा बॅट्समन खरंच कमजोर आहे, की त्याला दर वेळी घसरलेल्या डावात यावं लागतंय? हे शोधायला चिकाटी लागते. आमच्या गल्लीतला एक नववीतला मुलगा यासाठी वहीत सरासरी काढतो. गणिताच्या तासाला त्यानं ती कधी आपणहून काढली नसती.

आणि हे आपण इंदूरकरांना कोणी शिकवायला नको. पुढे भारताचे पहिले कसोटी कर्णधार झालेल्या सी. के. नायडूंना होळकर दरबारानं १९२३मध्ये इथे आणलं. इथेच वाढणाऱ्या तेरा वर्षांच्या मुश्ताक अलीला नायडूंनी हेरलं, आणि त्याच मुश्ताक अलींनी १९३६मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशातलं भारताचं पहिलं कसोटी शतक केलं. याला म्हणतात अकादमी! उलट १९४४-४५च्या रणजी फायनलमध्ये होळकर संघाकडे डेनिस कॉम्प्टन हा बाहेरून आलेला तयार खेळाडू होता. महायुद्धाच्या काळात लष्करी नेमणुकीवर इंदूरजवळच्या महूला असलेला, इंग्लंडचा कसोटी बॅट्समन. नाबाद २४९ केल्या त्यानं, तरी मुंबईनं ३७४ धावांनी हरवलं. पुढच्याच सीझनला कॉम्प्टनशिवाय होळकरनं रणजी जिंकली, आणि नंतर अजून तीनदा. नायडूंनी त्या १९४५-४६च्या सीझनमध्ये बडोद्याविरुद्ध २०० केल्या, वयाच्या पन्नाशीत. (कुठल्याही गेमचं इंजिन हे मान्य करणार नाही.) २०२२ची गोष्ट तर ताजीच आहे. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांनी बांधलेल्या मध्य प्रदेशच्या संघानं मुंबईला हरवून पहिली रणजी आणली. त्या फायनलमध्ये यश दुबे, शुभम शर्मा आणि आपल्या इंदूरचा रजत पाटीदार, तिघांची शतकं. तो संघ काही एका लिलावात उभा राहिला नव्हता.

माझा राग आहे तो दुसऱ्याच प्रकारावर. काही गेम मॅनेजरच्या नावाखाली खऱ्या पैशांत गेममधली नाणी विकतात. पैसे भरा, महिन्याचं ट्रेनिंग मिनिटात. पेटी उघडा, आत कदाचित मोठा खेळाडू. हे मला सपशेल नामंजूर आहे. मुलाचा गेम बघायचा असेल तर आईबापांनी एवढंच तपासावं: पैसे देऊन खेळाडूचं स्किल वाढतं का? वाढत असेल तर तो गेम फोनमधून काढून टाका, मी तुमच्या बाजूनं आहे. पैशानं फक्त जाहिराती जात असतील, किंवा संघाचा लोगो बदलत असेल, तर खेळू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीतल्या मुलांची मॅनेजर गेमची एक लीग सुरू करतोय. मोठ्यांनीही यावं, काकांना तर मी आधीच संघ देऊन ठेवलाय. प्रवेश फी नाही, बक्षिसाची रक्कम नाही. प्रत्येकाला अकादमीतली कच्ची पोरंच मिळतील आणि पहिला सीझन संपेपर्यंत लिलाव बंद राहील. यायचं असेल त्यांनी खाली संघाचं नाव लिहा. "होळकर इलेव्हन" मात्र गेलंय, ते त्या नववीतल्या मुलानं घेतलं.