पिशवी भरावी ती दुसऱ्या दवाखान्यासाठी

माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना सुरू आहे. मागच्या रविवारी माहेरी, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, आईने आणि मी मिळून तिची दवाखान्याची पिशवी भरली. भरता भरता जे बोलणे झाले, ते इथे सविस्तर लिहावेसे वाटले, कारण या विषयावर आपल्याकडे एक तर कुणी बोलत नाही, किंवा बोलतात ते शहरातल्या बायकांच्या सोयीने.

बाळंतपणाच्या पिशवीत काय असावे याच्या याद्या मोबाइलवर हव्या तेवढ्या सापडतात. त्या बहुतेक अशा बाईसाठी केलेल्या असतात, जिचा दवाखाना घरापासून पंधरा मिनिटांवर असतो, जिथे नाव घातले तिथेच जिचे बाळंतपण होते आणि विसरलेली वस्तू जिचा नवरा तासाभरात घरून आणून देऊ शकतो. आपल्या खेड्यांत तसे नसते. बाई घरून निघते ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला. तिथे रक्तदाब वाढलेला निघाला, पाणी जाऊन बराच वेळ झालेला असला किंवा बाळ आडवे असले, तर तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवतात आणि तिथूनही कधी कधी पुढे जिल्ह्याला, म्हणजे घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, जिथे जायचे ठरले आहे त्या दवाखान्याचा विचार करून पिशवी भरू नका. ऐनवेळी जिथे पाठवले जाईल, त्या दुसऱ्या दवाखान्याचा विचार करून भरा.

हे मला अनुभवाने कळले. सात वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या रात्री मला कळा सुरू झाल्या. दिलेल्या तारखेला अजून सोळा दिवस होते. पाऊस सकाळपासून लागून होता आणि गावाबाहेरच्या नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून बाबांनी शेजारच्या काकांची गाडी बोलावली आणि आम्ही जसे होतो तसे निघालो. आरोग्य केंद्रात सिस्टरने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, मग माझ्या पायावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा उचलला तरी तिथला खळगा तसाच राहिला. तिने शांतपणे सांगितले की इथे थांबण्यात अर्थ नाही, आणि थोड्याच वेळात आम्ही रुग्णवाहिकेत होतो.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रक्तगटाचा. माझी फाइल घरी होती. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली आईच्या कमरेला. आईने ती किल्ली काढून हातात धरली आणि नुसती तिच्याकडे बघत राहिली. रक्ताच्या, लघवीच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या आणि पहाटे सिझेरियन झाले. मुलगा सुखरूप होता, मीही सुखरूप होते, आणि त्या रात्री कामावर असलेल्या प्रत्येकाची मी आजही ऋणी आहे. पण बाळ हातात आले तेव्हा त्याला गुंडाळायला आईजवळ तिच्या अंगावरच्या ओल्या पदराशिवाय काही नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने आपल्या पिशवीतले एक पिवळे दुपटे काढून दिले. त्या आजी कुठल्या गावच्या, हे विचारायचे राहून गेले. ते दुपटे अजून माझ्याकडे आहे.

त्या रात्री आमच्याजवळ पिशवी नव्हती, याचे कारण गरिबी नव्हते. सातव्या महिन्यात मी एक झबले शिवायला घेतले होते, तेव्हा आजीने माझ्या हातातली सुई काढून घेतली होती. "लेकरू याच्या आधी त्याचे कपडे कायले शिवतं व माय," एवढेच ती म्हणाली. आजीची स्वतःची तीन लेकरे तान्हेपणीच गेली होती. सगळी तयारी करून ठेवलेल्या घरात रिकाम्या हाताने परत येणे काय असते हे तिने भोगले होते, त्यामुळे तिच्या बोलण्याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्याच आजीकडून ऐकलेली दुसरी रीतही आहे: तान्ह्या बाळाला पहिले कपडे नवे घालत नाहीत, घरातले जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले घालतात. मग जुनी दुपटी आधीच गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवायला कोणत्या रीतीची आडकाठी आहे? मनाई आहे ती नव्या खरेदीला. घरात जुन्या कपड्याला भीती वाटत नाही, आणि पिशवीला नेमके जुनेच कपडे लागतात. ज्या घरात सासूबाई किंवा आजी ऐकत नसतील तिथे हेच बोलून पाहा. वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे फाइल. तिच्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे कागद, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्यांचे अहवाल हवेत. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, म्हणून त्या तपासणीचा कागद विसरू नये. सिकलसेलग्रस्त बाईचे बाळंतपण जोखमीचे असते आणि ते डॉक्टरांना आल्याबरोबर कळलेले बरे. हे सगळे प्लास्टिकच्या एका पाकिटात घालावे, कारण पावसाळ्यात कागद भिजतात आणि कार्डावरची शाई पसरते. शिवाय प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची तपासणी असते. आठव्या महिन्यातल्या त्या ९ तारखेला आशाताईंसोबत बसून फाइलमध्ये काय कमी आहे ते पाहून घ्यावे. त्या फाइलची जागा त्या दिवसापासून पिशवीतच. कपाटात नाही, कुलपात तर नाहीच.

याच फाइलमध्ये आधार आणि बँकेचे पासबुक असावे, आणि इथे एक गोष्ट मला जरा थांबून सांगायची आहे. आपल्याकडे पुष्कळ बायांचे आधार माहेरच्या नावाचे, पासबुक कधी या नावाचे तर कधी त्या, आणि दवाखान्याच्या कार्डावर मात्र सासरचे नाव असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये आईच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातेला ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. नावाच्या घोळामुळे हे पैसे अडकतात, आणि मग ओली बाळंतीण लेकरू काखेत घेऊन बँकेच्या पायऱ्या चढत राहते. बाळाच्या जन्माची नोंदही आई-वडिलांच्या कागदावरच्या नावाने होते. हा घोळ सातव्या-आठव्या महिन्यात निस्तरता येतो, बाळंतपणानंतर तेवढा जीव अंगात उरत नाही.

पैशांबद्दल आपल्या लोकांत दोन टोके दिसतात. काही जण कर्ज काढून दहा-वीस हजार रुपये खिशात घेऊन येतात, तर काही जण सरकारी दवाखाना म्हणून रिकामे येतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस आईचे जेवण मोफत आहे, आणि घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात व शेवटी परत घरी नेणारी गाडीही मोफत आहे. हा हक्क घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा. तरीही सोबतच्या माणसांचा चहा-जेवणाचा, येण्याजाण्याचा खर्च असतोच, म्हणून दोन-तीन हजार रुपये, त्यातही सुट्ट्या नोटा, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवाव्या.

रक्त मोफत आहे, पण रक्तपेढीत त्या रात्री त्या गटाची पिशवी असेलच असे नाही. घरातल्या दोन धडधाकट माणसांनी आपला रक्तगट आधीच तपासून घ्यावा आणि बाईसोबत किंवा तिच्या मागोमाग निघण्याची तयारी ठेवावी. आमच्या भागात बाईचे हिमोग्लोबिन सात-आठवर असणे नवलाचे राहिलेले नाही. दिवसभर कापूस वेचून, निंदण करून, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईच्या अंगात रक्त येणार तरी कुठून? अशा बाईला बाळंतपणात थोडाही रक्तस्राव जास्त झाला तर तो सोसत नाही.

म्हणूनच तिच्यासाठी घ्यायचे कापड फिक्या रंगाचे घ्या. आपल्याकडे डाग दिसू नयेत म्हणून गडद लुगड्याच्या घड्या देतात आणि मग किती रक्त गेले हे कुणालाच कळत नाही. मोठे पॅड असतील तर उत्तम. बाळंतपणानंतर तासाभराच्या आत पॅड पूर्ण भिजले तर सिस्टरला उठवायला संकोच करू नये, ती रागावली तरी चालेल. बाकी तिच्यासाठी समोरून उघडणारे दोन सैल गाऊन, दोन परकर, पायात घालायची चप्पल, पंचा, साबण, थर्मास आणि मोबाइलचे चार्जर एवढे पुरते.

सोबतीणीचा विचार मात्र कुठल्याच यादीत नसतो. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ घरची एक अनुभवी स्त्री असावी असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवले आहे. ही सोबतीण बहुधा आई किंवा सासू असते, म्हणजे पन्नाशी-साठीची बाई. तिला स्वच्छ धुतलेले लुगडे लागेल, अंथरायला सतरंजी लागेल, आणि तिच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या लागतील. माझ्या वेळी आईने चार दिवस गोळी घेतली नव्हती आणि ते मला पाचव्या दिवशी कळले. त्या गोळ्या घरी, त्याच कपाटात होत्या.

बाळासाठी सहा-सात मऊ सुती दुपटी, चार झबली, भरपूर लंगोट, टोपरे किंवा कुंची, मोजे आणि एक उबदार पांघरूण एवढेच हवे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर असला तरी ओले बाळ पंख्याखाली क्षणात गार पडते, हे लक्षात ठेवावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, त्यात गावातल्याच शिकवलेल्या बाईने बाळाला ऊब देणे, स्तनपान नीट होते का ते पाहणे अशा साध्या वाटणाऱ्या कामांना मोठी जागा होती, आणि त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आपल्याच विदर्भाच्या मातीतून जगाने शिकलेली ही गोष्ट आपल्याच घरात पोहोचू नये, याचे मला वाईट वाटते. बाळ पुसून कोरडे करावे, आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून दुपटे घ्यावे. पहिल्या तासात चिकाचे दूध पाजावे आणि पहिला दिवसभर आंघोळ घालू नये. यासाठी पिशवीत मधाची बाटली, गुटी, साखरेचे पाणी किंवा काजळाची डबी यांपैकी काहीही लागत नाही. या वस्तू घरीच राहू द्या.

बांगड्यांचेही तसेच. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा नवव्या महिन्यात हात सुजल्यावर निघत नाही, सलाइन लावताना तो फोडावा लागतो, आणि बांगडी फुटली म्हणून आधीच घाबरलेली सासू रडू लागते. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिले आहे. आठव्यातच चुडा साबण लावून हलक्या हाताने उतरवून देवाजवळ ठेवावा आणि बाळंतीण घरी आली की पुन्हा भरावा. मंगळसूत्र शस्त्रक्रियेच्या आधी काढायला लावतातच. ते कुणाच्या हातात द्यायचे हे आधी ठरलेले असावे.

गाडीचे म्हणाल तर १०८ आणि १०२ हे दोन क्रमांक आहेतच, पण पावसाळ्यात नाल्यापलीकडून रुग्णवाहिका येऊ शकत नाही, त्यामुळे गावातल्या दोन गाडीवाल्यांशी आधी बोलून ठेवावे. मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ माहेरघराची सोय केलेली आहे. दिवस भरत आले की बाईने तिथे जाऊन राहावे, पूर उतरण्याची वाट पाहत घरी थांबू नये.

बहिणीची पिशवी भरून झाल्यावर मी ती चेन लावून कोपऱ्यात ठेवली. आईने ती उचलली, दाराजवळच्या खुंटीला अडकवली, देवघरातला करंडा आणला आणि पिशवीच्या कापडी पट्ट्याला हळद-कुंकवाची बोटे लावली. मग कमरेची कपाटाची किल्ली काढून तिने बहिणीच्या नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला विचारले, "जावईबापू, पोरीचा रक्तगट कोणता हाय?" त्याने तो न अडखळता सांगितला.